छंदाचा रकाना

१५ ऑक्टोबर होऊन गेला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे आपल्याकडचा वाचन प्रेरणा दिन. तुमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशीचा फोटो आलाच असेल. मागं बॅनर, पुढं टेबल, टेबलावर मांडलेली पुस्तकं, मध्यभागी प्राचार्य आणि दोन्ही बाजूंना पुस्तक उघडून उभी राहिलेली मुलं-मुली. त्यातल्या एकानं पुस्तक उलटं धरलेलं असतं. दरवर्षी असतोच असा एक. मी हसत नाही त्याला, असल्या एका फोटोत मीही आहे. माझं पुस्तक सुलटं होतं, पण ते कोणतं होतं हे आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

फोटो निघाला की पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. २०२५च्या जानेवारीत तर सरकारनं १ ते १५ तारखेपर्यंत ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ नावाचा अख्खा पंधरवडाच केला. सामूहिक वाचन, ग्रंथप्रदर्शन, लेखकांशी संवाद असं सगळं त्यात होतं. कल्पना वाईट नव्हती, काही ठिकाणी मनापासून झालीही असेल. पण आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना त्यातलं आठवतं ते एकच, अहवालाला लावायचे जिओटॅग फोटो.

आणि हे सगळं झालं की ठरलेलं भाषण. आजची पिढी वाचत नाही, मोबाईलनं वाट लावली वगैरे. ऐकून ऐकून तुम्हालाही वीट आला असेल. म्हणून या वेळी म्हटलं, भाषणं राहू देत, एफवायच्या पोरापोरींनाच विचारू. गेल्या आठवड्यात किनवटला गेले.

किनवट म्हणजे नांदेड जिल्ह्याचं शेवटचं टोक. इथून नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की मराठी, तेलुगू, गोरमाटी, दखनी कानावर पडते. जरा जास्त वेळ थांबलात आणि समोरच्याचा तुमच्यावर विश्वास बसला, तर गोंडी आणि कोलामीही. पण त्या हळू आवाजात.

तिथं बीए फर्स्ट इयरची एक मुलगी भेटली. नाव देत नाही, तिनंच नको म्हटलं. जवळच्या खेड्यातून एसटीनं येते. मी विचारलं, वाचतेस का काही? म्हणाली, “नाही दीदी, मला वाचनाची आवडच नाही. ॲडमिशनच्या फॉर्मवर छंद विचारला होता ना, तिथं मी रांगोळी लिहून दिलं.”

विषय संपला असता. पण गप्पा लांबल्या आणि कळलं की गेले तीन महिने ही मुलगी काहीही झालं तरी संध्याकाळची गाडी चुकवत नव्हती. कारण सात वाजता तिला विहारात पोचायचं असायचं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तिच्या गावच्या विहारात रोज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. तुमच्यापैकी कित्येकांच्या गावात होत असेल. आधी त्रिसरण, पंचशील, मग ग्रंथ. आणि तिच्या गावात तो वाचतं कोण? हीच. आठवीत असल्यापासून.

पुढचं ती जे सांगत गेली ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. समोर पांढऱ्या साड्यांतल्या बाया, भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या, मांडीवर पेंगणारी लेकरं, दाराशी बाप्ये. लाईट गेली की कुणीतरी मोबाईलचा टॉर्च धरतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही, लोकांच्या तोंडाकडं बघून कळतं म्हणे. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ असा शब्द आला की ती पुस्तकातून मान वर काढते आणि सांगते, “म्हणजे हे आहे म्हणून ते होतं, आपोआप काही होत नाही.” सिद्धार्थानं घर सोडलं ते प्रकरण आलं की बाप्ये सरसावून बसतात. बाबासाहेबांच्या ग्रंथात त्याला निमित्त आहे शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण. पाण्यावरून भावकीत काय होतं हे पैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एका आजीला त्या दिवशी यायला उशीर झाला, तर तिनं दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. सगळ्यांनी पुन्हा ऐकलं. कुणी कुरकुर केली नाही.

मी म्हटलं, अगं बाई, मग हे वाचन नाही तर काय आहे?

ती म्हणाली, “ते तर मी सगळ्यांना वाचून दाखवते. ते माझं वाचन थोडंच ए?”

परतीच्या गाडीत मी हे वाक्य वहीत पुन्हा पुन्हा बघत होते. तीन महिने, रोज, एवढा अवघड ग्रंथ, समोर बसलेल्या माणसांना समजेल असा वाचणारी मुलगी स्वतःला वाचक समजत नाही. का? कारण वाचणारा माणूस कसा दिसतो याचं एक चित्र आपल्या डोक्यात कुणीतरी टांगून ठेवलंय. खिडकी, पाऊस, कॉफीचा मग, मांडीवर इंग्रजी कादंबरी आणि माणूस एकटा. इन्स्टावर हे चित्र रोज दिसतं. त्यात विहार नाही, देवळाचा ओटा नाही, टपरी नाही. आपल्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, मग आपण वाचनवाले नाही, असा हिशोब आपणच करून टाकतो आणि छंदाच्या रकान्यात रांगोळी लिहून मोकळे होतो. (रांगोळीला कमी लेखत नाही. मला साधी ठिपक्यांचीही जमत नाही.)

खरं तर आपल्याकडं वाचणं हे बहुतेक वेळा चारचौघांतलंच काम होतं. श्रावणात गावात पोथी लागते, त्यात एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ अक्षरओळख नसलेल्या हजारो माणसांच्या डोक्यात बसले ते असेच. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला माणसं रांगेनं बसतात. हॉटेलात एक जण पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे चहा थंड करत ऐकायचे. मुंबई-पुण्याला गेलेल्या पोराचं पत्र आलं की ते शाळेत जाणाऱ्या नातवंडानं वाचून दाखवायचं, आणि वाचणाऱ्यालाही कळायचं की अमुक ओळीवर आजी रडणार आहे, तेव्हा जरा पटकन पुढं जावं. तुमच्या आजीला विचारा, तिनं आयुष्यात किती ‘ऐकलंय’. ऐकणाऱ्याला आपण वाचकात धरत नाही, ही आपली चूक.

आपल्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत, १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणंही उर्दूत. सभा घ्यायची तर परवानगी लागायची. अशा वेळी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांनी वाचनालयं काढली. हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ मध्ये निघालं, मराठी ग्रंथसंग्रहालयही पुढं त्याच शहरात उभं राहिलं. वाचनालयात जमायला निमित्त साधं होतं, पेपर वाचायचाय. पण पेपर वाचला की त्यावर बोलणं आलं, आणि बोलणं आलं की पुढचं सगळं आलं. म्हणजे मराठवाड्यात वाचनालय हे आधी माणसं एकत्र बसण्याचं ठिकाण होतं, पुस्तकं ठेवायची खोली ते नंतर झालं.

आणि आता बघा. बारावीपर्यंत वर्गात निदान धडा मोठ्यानं वाचायला उभं करायचे. कॉलेजात आलो की तेही बंद. नोट्सची पीडीएफ येते, आयएमपी प्रश्न येतात, गाईड असतंच. लातूर-नांदेडच्या गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, त्या पहाटेपासून भरलेल्या असतात. तिथली पोरं दिवसाला बारा-बारा तास वाचतात, ‘तरुण पिढी वाचत नाही’ म्हणणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन बघावंच. पण शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षं बसणाऱ्याचं गाव कोणतं, हे माहीत नसतं. कसं असेल? बोलायला मनाई आहे, तसा बोर्डच लावलाय. परीक्षेसाठी हे लागतं, मान्य. एकट्यानं, शांतपणे वाचायची काही पुस्तकं असतात, तीही मान्य, मी स्वतः रात्रीची तशीच वाचते. माझं म्हणणं एवढंच आहे की फर्स्ट इयरला येताना आपण एक जुनी, आपल्या अंगात मुरलेली गोष्ट गेटबाहेर ठेवून येतो आणि ती ठेवली हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

सगळेच आपणहून ठेवत नाहीत. काहींना ठेवायला लावतात. ही गोष्ट माझ्या एफवायची आहे, कॉलेजचं नाव राहू दे. मराठीच्या तासाला सरांनी एका मुलाला उतारा वाचायला उभं केलं. तो तांड्यावरचा, घरी गोरमाटी, शिक्षण आश्रमशाळेत. त्यानं ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, ‘कोण’चं ‘कोन’. मागच्या बाकावरून आवाज आला, “न नळाचा, ण बाणाचा!” आणि वर्ग फुटला. सर म्हणाले, बस खाली. पुढचा उतारा दुसऱ्यानं वाचला.

मी हसले होते. माझी आजी ‘पानी’च म्हणते. घरी गेल्यावर मीही म्हणते. तरी हसले.

त्याच मुलानं गॅदरिंगला होळीची लेंगी म्हटली, तेव्हा आम्ही शिट्ट्या वाजवून हॉल डोक्यावर घेतला. गाणं चालतं आपल्याला, नाच चालतो, उतारा वाचलेला चालत नाही. वर्गात तो त्यानंतर हजेरीपुरता बोलला. दुसऱ्या वर्षी दिसलाच नाही. पुण्याकडं कंपनीत लागला असं कुणीतरी म्हणालं. आमच्या हसण्यामुळंच गेला असं मी म्हणत नाही, घरची शंभर कारणं असतील. पण त्याला परत एकदा उभं राहून वाचावंसं वाटेल असं आमच्यापैकी कुणी काही केलं नाही, हे तर खरं आहे.

२०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे बत्तीस लाखांहून जास्त नोंदले गेले. आणि ही भाषा मोजली कशात? हिंदीच्या खाली. गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत, तिला निदान स्वतःची ओळ आहे. आम्ही वर्गात केलं तेच कागदावर मोठ्या प्रमाणात चाललंय म्हणायचं.

नरहर कुरुंदकरांचं नाव या पानावर येणार हे तुम्ही ओळखलंच असेल, नांदेडच्या माणसाला ते टाळता येत नाही. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला आणि तरी पुढं पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झालेला माणूस, म्हणून त्यांची गोष्ट नापासांना धीर द्यायला सांगतात. मला त्यातला दुसराच भाग आवडतो. त्यांचं वाचन तोंडावाटे बाहेर यायचं. वर्गात, कट्ट्यावर, व्याख्यानात. त्यांच्या छापील लेखनातलं पुष्कळसं मुळात माणसांसमोर उभं राहून बोललेलं आहे. १९८२ मध्ये पन्नाशीच्या आतच ते गेले, पण मराठवाड्यात आजही त्यांचं ‘ऐकलेलं’ सांगणारी माणसं भेटतात. वाचलेलं नाही, ऐकलेलं.

आता प्रश्न येतो, मोठ्यानं वाचायचं तर वाचायचं काय. किनवटच्या पोरांना त्यांच्या स्वतःच्या गावाबद्दल, बोलीबद्दल छापलेलं फार थोडं सापडतं आणि सापडतं ते बहुधा बाहेरून आलेल्या माणसानं लिहिलेलं. आम्ही शाळेत शिकलो की किनवट नांदेड जिल्ह्यात आहे. ते खरंच आहे, पण १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं. त्याआधी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल तिकडून काढून आपल्याकडं जोडलं. सहस्रकुंडाला सहलीला जाताना लागतं ना, तेच इस्लापूर. नकाशावर रेघ ओढली गेली आणि एकाच गोतावळ्यातली गोंड, कोलाम माणसं दोन राज्यांत, दोन शाळांत, दोन लिप्यांत गेली. इकडची पोरं मराठी शिकली, तिकडची तेलुगू. घरात मात्र दोन्हीकडं तीच भाषा.

त्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात १९४३ मध्ये एक प्रयोग झाला होता. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा निजाम सरकारसाठी काम करत होते. मारलावाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं आणि पोरांना गोंडीतून वाचायला शिकवण्यासाठी पुस्तकं तयार झाली, देवनागरी लिपीत. विचार करा, आज आपण मातृभाषेतून शिक्षणावर चर्चासत्रं घेतो, आणि आपल्या शेजारच्या जंगलात गोंड गुरुजी ऐंशी वर्षांपूर्वी गोंडी पुस्तकातून धडा वाचून घेत होते.

तिथंच पुढं आलेले एक अधिकारी आपल्या लातूर जिल्ह्यातले, निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण हा माणूस नोकरीच्या निमित्तानं आदिलाबादेत गेला आणि तिथल्या लोकांची भाषा शिकला. नुसता बोलायला शिकला नाही, त्यानं कोलामीचं व्याकरण लिहिलं. १९५० मध्ये ते छापून आलं. १९५५ मध्ये एमिनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचं कोलामीवरचं मोठं पुस्तक निघालं, त्यात पगडींच्या या कामाचा उपयोग झाला आहे. म्हणजे किनवटच्या डोंगरातल्या पोडावर चुलीपुढं बोलली जाणारी भाषा कॅलिफोर्नियात छापून झाली, आणि आपल्या कॉलेजच्या वार्षिकांकात तिच्यातली एक ओळ अजून आलेली नाही.

पगडींचं कौतुक आहेच. पण ते बाहेरून आलेले, चांगले, अभ्यासू साहेब होते. आतल्या माणसांनी काय केलं, याचं उत्तर गुंजाळा देतं. आदिलाबाद जिल्ह्यातलंच हे गाव, किनवटहून फार लांब नाही. २००६च्या सुमारास तिथल्या घरांत जपून ठेवलेली हस्तलिखितं संशोधकांच्या नजरेस आली. गोंडीतली, आणि गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम सुरू केलं तेव्हा ती लिपी वाचता येणारी माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी उरली होती, तीही म्हातारी. मग त्या म्हाताऱ्यांनी पोरांना अक्षरं शिकवली. वाचनमाला निघाली, फॉन्ट तयार झाला आणि २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ लिपी युनिकोडमध्ये आली. आज ती तुमच्या मोबाईलवर टाइप होऊ शकते. एक पिढी आणखी गेली असती, तर घरात वह्या असत्या आणि त्या वाचणारं कुणी नसतं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त कोण आवडतं सांगू? त्या वह्या इतकी वर्षं रद्दीत न घालणारी घरातली माणसं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय लिहिणार. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड हेच म्हणत बसले असते तर ‘उचल्या’ झालं नसतं. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. वीरा राठोड यांच्या ज्या कवितासंग्रहाला २०१५चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, त्या मराठी पुस्तकाचं नावच गोरमाटीत आहे, ‘सेन सायी वेस’. ज्या भाषेतल्या माणसाच्या ‘न’वर वर्ग हसतो, ती भाषा मुखपृष्ठावर येऊन पुरस्कार घेऊन गेली. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आहे का हे पुस्तक, उद्या विचारून बघा. नसेल तर मागणीची वही मागा. प्रत्येक लायब्ररीत अशी वही असते, बरेचदा ती कोरी असते.

कॉलेजांकडं आमचं मागणं मोठं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात फर्स्ट इयरला मेजर, मायनर, एईसी, व्हीईसी, सीसी असे इतके क्रेडिट आले आहेत की पोरांना कशाचा लाँगफॉर्म काय तेच कळत नाही. त्यातला आठवड्याला एक तास मोठ्यानं वाचायला द्या. परीक्षा नको, अहवाल नको, जिओटॅग तर मुळीच नको. आणि वार्षिकांक. त्याच्या पहिल्या पंधरा-वीस पानांत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि शुभेच्छा असतात, मग मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग. त्यातल्या निम्म्या कविता गुगलवरून उचललेल्या असतात हे संपादक मंडळालाही माहीत असतं. किनवट, माहूर, हिमायतनगरच्या कॉलेजांनी तरी यंदा एक बोली विभाग काढावा. गोंडी, कोलामी, गोरमाटी, आंध समाजाची बोली, जी वर्गात बसलेली असेल ती. खाली मराठीत अर्थ. लग्नात नवरीनं म्हणायचा ढावलो, दिवाळीतल्या दंडारीचं गाणं, परधानाच्या तोंडची कुळकथा, आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची हकिगत. शुभेच्छांची दोन पानं कमी केली तरी एवढी जागा निघते.

आणि कॉलेजनं नाही काढला तर? तर आपण थांबायचं कारण नाही. भित्तिपत्रकाला एक कार्डशीट, एक गमची बाटली आणि चार टाचण्या लागतात. वाचायला बसायला तर तेवढंही नको. चौघं जण आणि एक पुस्तक, किंवा पेपरची एक पुरवणी, हीच सुद्धा चालेल. नियम एकच ठेवा, कुणाच्या वाचण्यावर जो हसेल त्यानं पुढचं पान वाचायचं. मला एफवायला असा नियम कुणी लावला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं लिहून होत आलं आणि परवा त्या किनवटच्या मुलीचा मेसेज आला. गुरुवारी त्यांचा तिसरा तास ऑफ असतो. लायब्ररी त्या वेळी बंद असते, म्हणून पाच जणी पायऱ्यांवरच बसल्या. हिनं वर्षावासातलं रोहिणी नदीचं प्रकरण वाचलं. मग पोडावरून येणाऱ्या एका कोलाम मुलीला म्हणाली, आता तू वाच. ती म्हणाली, माझ्याकडं वाचायला काही नाही, आजीची एक गोष्ट येते मला, पण ती लिहिलेली नाही. “मग सांग, मी लिहून घेते,” असं म्हणून ही वही उघडून बसली. कोलामीतले काही स्वर देवनागरीत नीट बसत नाहीत म्हणे, ऱ्हस्व ‘ए’ लिहायचा कसा इथंच दोघी अडल्या. शेवटी तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायचं ठरलं.

दोन पानं झाली तोवर एसटीची वेळ झाली. गोष्ट अजून अर्धी आहे, उरलेली पुढच्या गुरुवारी.